जांभळा बेडूक

४ सप्टेंबर, सोमवार

दोरेवाल्याने आज डायरी दिली. वर्ष संपत आलं आणि याला आत्ता डायरी सुचली. कुणी घेतली नसेल, म्हणून गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारतोय. मी म्हटलं, त्यापेक्षा चार रिळं जास्त दे. हसला आणि डायरीच दिली. पानं जाड आहेत, फेकवत नाहीत, म्हणून लिहितेय. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा अक्षराला कुणी हसू नये. हसणार कोण म्हणा, दाखवतेय कुणाला.

आज नातीच्या शाळेत सभा होती, मुलं आणि नेट या विषयावर. सूनबाईची इस्पितळात ड्यूटी, मुलगा जहाजावर, म्हणून मला पाठवलं. दुकान काजवालीवर टाकून गेले. काजवाली म्हणजे माझ्याकडे काजं-बटणं करते ती. तिला म्हटलं, कुणी आलं तर सांग, टेलरबाई शाळेत गेल्यात. म्हणाली, "या वयात?"

एक पोरसवदा मास्तर पडद्यावर चित्रं दाखवत होता. मुलांनी नेटवर शाळा सांगू नये, घर सांगू नये, फोटो पाठवू नये, कुणी फार गोड बोललं तर सावध राहावं, आणि काही खटकलं तर घरच्या मोठ्या माणसाला सांगावं. एवढ्यासाठी अख्खी दुपार. मी उठून विचारलं, अनोळखी माणसाशी बोलू नकोस, एवढ्या एका वाक्यात हे सगळं येत नाही का? तो म्हणाला, "आजी, अडचण अशी आहे की तो अनोळखी वाटतच नाही." आता अनोळखी तो अनोळखी. त्यात वाटायचं काय? शिकलेली माणसं सोपी गोष्ट अवघड करून पगार घेतात.

निघताना प्रत्येकाला एक पत्रक दिलं. कागद मात्र झकास, जाड आणि गुळगुळीत. दुकानात येऊन त्याचं गोल कॉलरचं पेपर कटिंग केलं, कापडावर ठेवून कापायला. बरोबर बसलं.

६ सप्टेंबर, बुधवार

नात दहा वर्षांची आहे. गोल आणि बुटकी, म्हणून मी तिला बटण म्हणते. शाळेने टॅबवर अभ्यास सुरू केल्यापासून सूनबाईची झोप उडालीय. फ्रिजवर नियम चिकटवलेत. दूध काढायला गेलं तरी आधी नियम वाचावे लागतात.

तिचा बेत असा की शाळा सुटल्यावर बटणला एका पाळणाघरात ठेवायचं. तिथे म्हणे मुलांच्या टॅबवर लक्ष ठेवायला खास शिकलेली बाई आहे. मी म्हटलं, मी अजून गेले नाहीये. माझं दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत, पोर बोळातून आली की दुकानात. पाळणाघर कशाला? सूनबाईने बराच विचार केला आणि म्हणाली, "बघू थोडे दिवस." म्हणजे मी परीक्षेला बसलेय. बसू.

माझा नियम एकच. टॅब कटिंगच्या टेबलावर ठेवायचा आणि त्याचं तोंड माझ्याकडे. मी कापड कापता कापता बघणार. हातात कात्री असली की सगळे नीट वागतात.

सभेतलं आणखी एक खूळ सूनबाईने उचललं. घरात एक गुप्त शब्द ठेवायचा. उद्या फाटकाशी कुणी येऊन म्हणालं, चल, आईने पाठवलंय, तर बटणने त्याला शब्द विचारायचा. येत असेल तरच जायचं. बटणने शब्द निवडला, पोपटाची छत्री. मायलेकी इतक्या गंभीर तोंडाने सांगत होत्या की मला हसू आवरेना.

९ सप्टेंबर, शनिवार

काजवालीला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ती दिवसभर काजं करता करता हसत होती. तिने बेकरीवाल्याला सांगितलं असणार, कारण संध्याकाळी पाव देताना तो सूनबाईला म्हणाला, "काय वहिनी, पोपटाची छत्री उघडली का?" शेजारी बटण उभी. मला वाटलं, आता घरी जुंपणार. तयारीनेच बसले होते.  पण सूनबाई नुसती माझ्याकडे बघून भाजी चिरायला बसली. चिरत मात्र जोरात होती.

११ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सूनबाई म्हणाली, "आई, शब्द बदललाय. तुमच्यासाठी जांभळा बेडूक." बटण पाणी पीत होती, तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "विसरू नकोस हं आजी." मी कशाला विसरतेय. वाद न घालता पटकन सांगून मोकळी झाली, हे मला सूनबाईचं आवडलं. शहाणी होत चाललीय.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेने गणवेशाचं काम कंपनीला दिल्यापासून दुकानात मशीनपेक्षा काजवालीचं तोंड जास्त चालतं. शेजारच्या फोटोवाल्याने मला फोनवर दुकानाचं पेज काढून दिलं आहे. फ्रॉकचे फोटो टाकायचे, लोक अंगठे दाखवतात. आवडलं असा त्याचा अर्थ.

हँगरवर फ्रॉक म्हणजे वाळत घातलेलं फडकं. कपडा अंगात घातल्यावरच बोलतो. म्हणून बटणला घालते आणि फोटो काढते. निळ्या फ्रॉकला पुष्कळ अंगठे आले. आज तिच्या गणवेशाचाही टाकला. तो मी घरीच शिवलाय, कंपनीचा पहिल्या धुण्यात उसवतो. खिशावरचं शाळेचं चिन्ह मी असं बसवलंय की टाका शोधून दाखवावा. जवळून काढला फोटो, सगळं स्पष्ट दिसतंय.

सूनबाईला पेजचं सांगितलेलं नाही. सांगितलं की फ्रिजवर आणखी एक कागद. मुलांनी फोटो टाकू नयेत हे बरोबर आहे, मुलांना काय कळतं. मी मोठी आहे.

१९ सप्टेंबर, मंगळवार

पेजवर एक बाई आली. तिने स्वतःच्या फोटोऐवजी फुलांचा ताटवा लावलाय, म्हणून मी तिला फुलवाली म्हणते. तिने लिहिलेलं जसंच्या तसं उतरवून ठेवते. "ताई, निळ्या फ्रॉकच्या गळ्याची पायपिंग पाहिली. असा हात आता दिसत नाही. तुमच्या बोटांत जादू आहे."

इतकी वर्षं गळ्याच्या कडेला ही बारीक पट्टी शिवतेय, पायपिंग. गिऱ्हाईक कपडा घालतं, आरशात स्वतःला बघतं आणि जातं. पायपिंगकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. घरच्यांनी तर नाहीच. पुन्हा पुन्हा वाचलं, मग काजवालीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काजांबद्दल काही लिहिलंय का?"

२२ सप्टेंबर, शुक्रवार

बटण आल्या आल्या म्हणाली, आजी, तुला एक सांगायचंय. टॅबवर ती चित्रं रंगवायचा एक खेळ खेळते. त्यात कुणीतरी तिला विचारलं, तू कुठल्या शाळेत आहेस. तिने उत्तर दिलं नाही, त्याला बंद करून टाकलं आणि मला सांगायला आली.

मी टॅब उचलला, कपाटात अस्तराच्या तागाखाली ठेवला आणि कुलूप लावलं. ती म्हणाली, "पण मी सांगितलं ना तुला." म्हटलं, म्हणूनच कळलं. तोंड फुगवून बसली. बसू दे. एका झटक्यात प्रश्न मिटला. सभा नाही, पडदा नाही, पत्रक नाही.

२३ सप्टेंबर, शनिवार

सूनबाईने कपाट उघडायला लावलं. आवाज चढवला नाही, पण तिचा आवाज चढत नाही तेव्हाच जास्त लागतो. म्हणाली, "आई, तिने सगळं बरोबर केलं आणि तिलाच शिक्षा झाली. पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगायला येईल का?" मी म्हटलं, पुढची वेळ येऊच कशाला द्यायची?   टॅब बटणला परत गेला. मी शिवायचं आणि हिने उसवायचं, असं चाललंय.

बटण हल्ली मला काही सांगत नाही. अभ्यास करते, टॅबचं तोंड माझ्याकडे ठेवते. शिस्त लागली म्हणायची.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

फुलवालीला निळ्यासारखाच फ्रॉक हवाय, भाचीसाठी. भाचीला चकित करायचंय, म्हणून तिचं माप घेता येत नाही. ती बटणच्याच अंगलटीची आहे म्हणे. तुमच्या नातीचं माप कळवाल का, मी भाचीच्या जुन्या फ्रॉकशी ताडून बघते, असं तिने लिहिलं. डोकेबाज बाई आहे.

बटणला टेबलाशी उभी केली आणि टेप लावला. तिने विचारलं, माझा नवा फ्रॉक का? म्हटलं, नाही, एका बाईंना माप पाठवायचंय. "माझं?" म्हटलं, माप कुणाचं नसतं, कपड्याचं असतं. ती हात खाली घेऊन उभी राहिली, म्हणून बाही नीट घेता आली नाही. अंदाजाने लिहिली. पाठवून दिलं.

फुलवालीने मग नातीचं नाव विचारलं. बटण सांगितलं. तिला फार आवडलं.

४ ऑक्टोबर, बुधवार

फुलवाली रोज दोन ओळी तरी लिहिते. गुडघा कसा आहे ते विचारते. घरात गुडघ्याचं कुणी विचारत नाही, सूनबाई नुसत्या गोळ्या आणून ठेवते.

गणवेशाच्या फोटोतलं चिन्ह बघून शाळा तिने आपणच ओळखली. भाचीला पुढच्या वर्षी त्याच शाळेत घालायचंय. सुटते कधी, मुलं एकटी जातात का, रस्ता बरा आहे का, असं सगळं विचारत होती. भाची आईवेगळी आहे म्हणे, तिची किती काळजी बघा. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, आमची बटण एकटी येते, बेकरीजवळच्या बोळातून, कुणाचा हात धरत नाही. असं कौतुक सांगायला तरी माणूस हवं ना. काजवालीला सांगायला गेलं की ती स्वतःच्या नातवाचं सुरू करते.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

बटण गृहपाठ करता करता म्हणाली, "आजी, त्या फुलवाल्या बाईंना तू बघितलंयस?"

म्हटलं, बघायचं कशाला? फ्रॉक भाचीला घालायचाय.

"आवाज ऐकलायस?"

"मशीन चालू असताना मला तुझाही ऐकू येत नाही."

"मग त्या बाईच आहेत, हे कशावरून?"

मी म्हटलं, पायपिंग कळते तिला. पुरुषाला कधी कळलीय?  मग म्हणते, टॅबचं तोंड तुझ्याकडे, तर फोनचं तोंड माझ्याकडे का नाही? अशी बोलायला लागलीय. आईवर गेलीय.

तिला म्हटलं, हे आईला सांगत बसू नकोस, उगाच नियम वाढतील. आपल्या दोघींतलं गुपित. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला कुणाचा खिसा कापायला सांगितलं. घरी गेल्यावर सूनबाईने विचारलं, आई, दुकानाचं पेज आहे का? म्हटलं, फोटोवाल्याचं काहीतरी आहे, मला त्यातलं काय कळतंय. ती म्हणाली, रविवारी बसून बघूया. मग तिलाच आठवलं, रविवारी ड्यूटी आहे. सुटले.

१० ऑक्टोबर, मंगळवार

फुलवालीकडे आजीच्या वेळची लेस आहे. ती फ्रॉकच्या झालरीला लावून हवी. गुरुवारी तिचा भाऊ गाडीने या बाजूला येणार आहे. आपल्या गल्लीत गाडी शिरत नाही. म्हणून तो शाळेपाशी थांबेल, लेस बटणच्या हाती देईल, आणि हवं तर तिला गल्लीच्या तोंडाशी सोडेल. तेवढीच पोरीची पायपीट वाचेल, असं तिने लिहिलं.

मी कळवलं, आमची पोर लेस घ्यायची नाही, गाडीतही बसायची नाही. तिच्या आईने शब्दाचं खूळ काढलंय. फुलवालीने हसरे चेहरे पाठवले. कसला शब्द? मी लिहिलं, जांभळा बेडूक. ती म्हणाली, किती गोड. म्हटलं, गोड कसलं, रोज ऐकावं लागलं म्हणजे कळेल.

बटणला मुद्दाम काही सांगितलं नाही. शब्द आहे तर सांगायची गरज काय? सूनबाईच्या त्या खुळाचा एकदाचा उपयोग होईल. झालरीला चुण्या घालून ठेवल्यात, लेस आली की बसवते.

१२ ऑक्टोबर, गुरुवार



बटणची वेळ झाली, ती आली नाही. मी म्हटलं, गाडीने येतेय, वळसा पडला असेल. काजवाली म्हणाली, कुणाच्या गाडीने? सांगितलं. तिने हातातलं काज अर्धं टाकलं आणि माझ्याकडे बघत बसली. तिला म्हटलं, बघतेस काय, काज पुरं कर. तेवढ्यात शाळेतून फोन आला. लगेच या, एवढंच म्हणाले. शाळेत पोचल्यावर बघितलं, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात काजवालीची.

बटण ऑफिसात खुर्चीवर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. समोर पाण्याचा पेला. ठीक होती. तिला नखशिखांत बघितली, मापं घेताना बघते तशी. ठीक होती.

फाटकावर बसते त्या बाईने झालेलं सांगितलं. स्वच्छ शर्टातला एक माणूस, हातात पिशवी. बटणला म्हणाला, बटण ना तू? आजीने पाठवलंय, चल, दुकानात सोडतो. वर हसून म्हणाला, जांभळा बेडूक. ते ऐकलं आणि पोर दप्तर टाकून आत पळाली. फाटकावरच्या बाईला येऊन म्हणाली, "बेडूक आला." त्या बाईने फाटक ओढून घेतलं आणि शिट्टी फुंकली. तो पिशवी टाकून गाडीकडे धावला, गाडीचा नंबर तिने हातावर लिहून घेतला.

माझ्या मनात आलं तेच मी बोलले. "अगं, पण शब्द तर बरोबर होता."

सूनबाई तोवर इस्पितळाच्या कपड्यांतच येऊन पोचली होती. बटण तिच्याकडे बघायला लागली. सूनबाई म्हणाली, "आई, तो तुमचा शब्द. तिचा वेगळा आहे."

फाटकावरच्या बाईलाही ते माहीत होतं. ती भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होती.

मला तिथे उलगडा झाला नाही. घरी चालत येताना झाला. जांभळा बेडूक म्हणत जो येईल तो माझ्याकडून आलेला, आणि माझ्याकडून आलेला दिसला की पळायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. शिवण कुठून उसवणार हे माहीत होतं, तिथेच घुंगरू शिवून ठेवलं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानात पोलिसातली बाई आली. वयाने सूनबाईएवढी. चहा नको म्हणाली. मी तिला आधीच सांगितलं, काहीतरी घोटाळा आहे, तो माणूस फुलवालीचा भाऊ असणार, भित्रा असेल, शिट्टी ऐकून पळाला. पिशवीत लेस असेल बघा. ती म्हणाली, पिशवीत जुनी वर्तमानपत्रं होती, आजी. फुगवून भरलेली.

मग तिने माझा फोन मागितला. पेज उघडून सगळं पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लागली. बातम्या वाचल्यासारखा सपाट आवाज. आधी त्याचं, मग माझं, मग त्याचं. मी लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. शाळा कधी सुटते ते मी सांगितलेलं. कुठल्या बोळातून ते मी सांगितलेलं. एकटी येते ते मी सांगितलेलं, कौतुकाने. एकही गोष्ट त्याला पुन्हा विचारावी लागली नव्हती.

मापांपाशी आली आणि दोन आकडे वाचून थांबली. म्हणाली, हे राहू दे.

काजवालीने त्या वेळेला मशीन बंद केलं. तिच्यासमोर कापड नव्हतंच, रिकामंच चालवत होती.

जाताना पोलीसबाईने विचारलं, नात काही बोलली होती का याबद्दल? मी म्हटलं, तिने विचारलं होतं, चेहरा बघितलायस का म्हणून. तिने ते लिहून घेतलं. मग विचारलं, तुम्ही काय म्हणालात? मी म्हटलं, हेही लिहायचंय का? ती म्हणाली, नको, राहू दे. दोन गोष्टी राहू दिल्या तिने. चांगल्या घरची असावी.

१६ ऑक्टोबर, सोमवार

घरात कुणी मला काही बोलत नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. मुलाचा जहाजावरून फोन आला. तो सूनबाईशी बोलला, मग बटणशी, मग म्हणाला, "आई, जेवतेस ना नीट?" एवढंच. मी म्हटलं, जेवते.

पेज बंद केलं. फोटोवाला म्हणाला, नुसते मुलीचे फोटो काढून टाका, पेज राहू द्या. मी म्हटलं, बंद कर म्हटलं ना.

बटण शाळा सुटल्यावर इस्पितळात आईजवळ जाऊन बसते. पाळणाघराचा अर्ज भरला का, हे मी विचारलेलं नाही. टेबलाचं ते टोक रिकामं असतं. काजवालीने त्यावर कापड ठेवलं होतं, ते मी उचलून दुसरीकडे ठेवलं.

मला खोटा शब्द देण्यावरून सूनबाईला सुनावायचं होतं. सासूला असं फसवायचं? वाक्य जुळवून ठेवलं होतं. सकाळी ती समोर आली, चेहरा ओढलेला, दोन रात्री झोपली नसावी. मी म्हटलं, "चहा टाकू?" वाक्य राहिलं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

तो सापडला. गाडीच्या नंबरावरून. पोलीसबाई सांगायला आली, आज चहा घेतला.

फोटो दाखवू का म्हणाली. मी विचारलं, ओळखायला का? ती म्हणाली, तसं नाही, तुम्ही त्याला कुठे पाहिलंय. खरंच, मी त्याला पाहिलेलंच नाही. साधा माणूस असेल. मी म्हटलं, नको.

त्याच्याकडे आणखी बायकांचे निरोप सापडलेत. दुसऱ्या गावची एक स्वेटर विणणारी आहे, तिच्या पेजवर तिच्या नातवाचे फोटो. आणखी एक बाहुल्या करणारी. पोलीसबाईने आपल्या फोनवर विणणारीला आलेला निरोप दाखवला. "ताई, निळ्या स्वेटरच्या गळ्याची वीण पाहिली. असा हात आता दिसत नाही. तुमच्या बोटांत जादू आहे."

निळासुद्धा बदलला नाही मेल्याने.

तिला विचारलं, त्या बाईचा नातू? बरा आहे म्हणाली. त्या बाईने शाळा सांगितली नव्हती. तीही अशाच एखाद्या मास्तराच्या सभेला गेली असेल आणि ऐकलं असेल.

संध्याकाळी निळा फ्रॉक घेऊन दारात उजेडात बसले. गळ्याची पायपिंग पुन्हा बघितली. चांगली आहे. कुणी खोटं सांगितलं, म्हणून वाईट होत नाही. पण उसवून टाकली.

३० ऑक्टोबर, सोमवार

गोल कॉलरचं एक काम आलं. पेपर कटिंग काढलं तर ते पत्रकाचं. उलट्या बाजूला छापील ओळी. वळणावर कापल्यामुळे एक वाक्य अर्धं राहिलंय. "हे आपल्या दोघांतलं गुपित, असं जर कुणी मोठं माणूस मुलाला म्हणालं, तर" आणि पुढे माझी कात्री गेलेली.

पुढचं काय असेल ते कळायला सातवी पुष्कळ झाली.

कॉलर दुसऱ्या कागदावर कापली.

१ नोव्हेंबर, बुधवार

मी सूनबाईला सांगितलं, पाळणाघरात घाल तिला. शिकलेली बाई आहे तिथे. घसा साफ करून एका दमात बोलले. लांबण लावण्यात अर्थ नाही. सूनबाई कपडे घड्या करत होती. म्हणाली, "तिलाच विचारते."

मी म्हटलं, दहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? मग म्हटलं, विचार.

४ नोव्हेंबर, शनिवार

शनिवारी शाळा अर्धा दिवस. कापड मांडून बसले होते तर बटण दुकानात. बरोबर सूनबाई, दाराशी थांबलेली. बटण सरळ टेबलाशी आली, तिच्या टोकाला. दप्तरातून तेच पत्रक काढलं, नवं कोरं, शाळेतल्या बाईंकडून मागून आणलं असणार. म्हणाली, "हे कापू नकोस." आणि टाचणीने भिंतीवर लावलं. वाकडं लावलं. मी उठून सरळ केलं.

मग टॅब ठेवला, तोंड माझ्याकडे. आणि हात पुढे केला. "फोन."

मी म्हटलं, फोन कशाला?

"त्याचं तोंड माझ्याकडे."

काजवाली तोंडात दोरा धरून हसत होती. सूनबाई दारातून हलली नव्हती. मी फोन ठेवला, तोंड बटणकडे. तिने माझ्याकडे बघितलं, जशी मी गिऱ्हाइकाने पहिल्यांदा कपडा घालून दाखवल्यावर बघते. मग म्हणाली, "खटकलं काही तर मला सांगायचं. मी फोन कपाटात ठेवणार नाही." आणि वही उघडली.

सूनबाई निघाली, पुन्हा वळली, आत येऊन माझ्या कानाशी वाकली. नवा शब्द सांगितला. या वेळी 'तुमच्यासाठी' म्हणाली नाही. बटणलाही ठसका लागला नाही, ती खाली मान घालून गणित करत होती. तेवढ्यावरून काही सांगता येत नाही, दोघी पोचलेल्या आहेत.

हा खरा आहे की माझाच वेगळा, हे मी विचारलं नाही. काजवालीने दिवसभर नाना तऱ्हेने काढून घ्यायचा प्रयत्न केला. जाताना म्हणाली, एक अक्षर तरी सांगा. बेकरीवाल्यानेही पाव देताना भुवया उडवल्या. मी पाव घेतला आणि आले.

इथेही लिहीत नाही.